लिनक्सची जन्मकथा

युरोप खंडाच्या उत्तर टोकास फिनलंड नावाचा देश आहे. तेथील हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. डिसेंबर महिन्यात राजधानी हेलसिंकी येथे सूर्य जेमतेम सहा तास क्षितिजावर राहतो. उरलेला सारा वेळ अंधाराचा. अशा दिवसांत माणसांना पुष्कळ वेळ घरातच काढावा लागतो. याच शहरातील एका साध्या खोलीत, १९९१ साली, २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने केवळ हौसेखातर एक काम हाती घेतले. त्यातून पैसा मिळवावा अथवा नाव कमवावे, असा विचारही त्याच्या मनात नव्हता. आज जगातील असंख्य संगणक आणि मोबाइल त्या कामाच्या आधारावर चालतात. त्या विद्यार्थ्याचे नाव लिनस टोरवाल्ड्स आणि त्याच्या कृतीचे नाव लिनक्स.

लिनसचा जन्म २८ डिसेंबर १९६९ रोजी झाला. त्याचे आईवडील पत्रकार होते. आईचे वडील लिओ टॉर्नक्विस्ट हे हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१ च्या सुमारास त्यांनी 'व्हिक-२०' नावाचा एक लहान घरगुती संगणक आणला. त्याची स्मृती अवघी ५ किलोबाइट. आजोबांना कळफलकाची सवय नव्हती. म्हणून ते संगणकाला द्यावयाच्या आज्ञा कागदावर काळजीपूर्वक लिहीत आणि नातवाला मांडीवर बसवून त्याच्याकडून त्या यंत्रात उतरवून घेत. अशा क्रमवार आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. लिनस त्या वेळी तुमच्याच वयाचा, अकरा-बारा वर्षांचा होता. आजोबांच्या आज्ञा उतरवता उतरवता त्याला त्यांचा अर्थ कळू लागला आणि लवकरच तो स्वतःच्या लहानसहान आज्ञावली लिहू लागला. १९८३ साली आजोबा निवर्तले. तो संगणक नातवाकडे आला आणि त्याच्याबरोबर आजोबांची नीटनेटकेपणाची शिकवणही आली.

पुढे साठवलेल्या पैशांतून लिनसने 'सिंक्लेअर क्यूएल' हा दुसरा संगणक घेतला. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावली बाजारात फारशा मिळत नसत. दुसरा एखादा मुलगा त्यामुळे हिरमुसला असता. लिनसने मात्र आपली हत्यारे आपणच घडवण्याचे ठरवले. मजकूर लिहिण्याची आज्ञावली त्याने स्वतः लिहिली. काही खेळही रचले. परंतु एका गोष्टीपुढे त्याचा इलाज चालेना. त्या संगणकाची कार्यप्रणाली यंत्राच्या कायम स्मृतीत पक्की बसवलेली होती. तिच्यातील दोष दिसत, पण ते दुरुस्त करणे अवघड होते. ही खंत त्याच्या मनात घर करून राहिली.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. संगणक हे अनेक भागांचे यंत्र आहे. कळफलक अक्षरे घेतो, पडदा ती दाखवतो, स्मृती चालू कामाची माहिती धरून ठेवते, डिस्क ती जपून ठेवते आणि प्रक्रियक प्रत्यक्ष काम करतो. परंतु यांपैकी एकालाही दुसऱ्याचे भान नसते. माणसांनी भरलेल्या वाड्यात कोठीतून काय काढावे, कोणाला कोणती खोली द्यावी, कोणते काम आधी उरकावे, हे पाहणारा एक कारभारी लागतो. तो नसेल, तर सारे काही असूनही वाड्याचा व्यवहार थांबतो. संगणकातील असा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. इंग्रजीत तिलाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण पत्र लिहितो, चित्र काढतो किंवा गाणे ऐकतो, तेव्हा त्या त्या आज्ञावलीला लागणारी प्रत्येक वस्तू ती या कारभाऱ्याकडेच मागत असते.

१९८८ साली लिनस हेलसिंकी विद्यापीठात दाखल झाला. तेथे १९९० मध्ये त्याची युनिक्स या कार्यप्रणालीशी ओळख झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सचा पाया घातला होता. साध्या, लहान साधनांची जुळणी करून त्यांतून मोठी कामे साधण्याची युनिक्सची रीत लिनसला फार आवडली. कार्यप्रणाली आतून कशी असते, हे त्याने ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या जाडजूड ग्रंथावरून जाणून घेतले. टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी 'मिनिक्स' नावाची एक छोटी, युनिक्ससारखी प्रणाली रचली होती. ती घरगुती संगणकावरही चालत असे.

५ जानेवारी १९९१ रोजी लिनसने एक नवा संगणक विकत घेतला. त्यात '३८६' नावाचा प्रक्रियक होता आणि ४ मेगाबाइट स्मृती होती. आजच्या साध्या मोबाइलमध्ये याच्या हजारपट स्मृती सहज आढळते. पण त्या काळी एका विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते मोठेच वैभव होते. सारी किंमत एकरकमी देण्याची त्याची ऐपत नव्हती. त्याने हप्ते ठरवून घेतले. मग त्याने पैसे भरून मिनिक्स मागवली. महिनाभराहून अधिक काळ वाट पाहिल्यावर तिच्या फ्लॉपी टपालाने आल्या.

लिनसची मुख्य गरज साधीच होती. विद्यापीठातील युनिक्स संगणकाशी त्याला घरी बसून संपर्क साधायचा होता. त्यासाठी मोडेम नावाचे उपकरण टेलिफोनच्या तारेला जोडावे लागे. मोडेम संगणकाच्या संकेतांचे ध्वनीत रूपांतर करतो आणि पलीकडचा मोडेम त्या ध्वनीचे पुन्हा संकेत बनवतो. मिनिक्समध्ये अशा दूरसंपर्काची सोय होती. परंतु ती लिनसच्या मनास येईना. तेव्हा तशी आज्ञावली आपणच लिहावी आणि तीही मिनिक्सचा आधार न घेता, थेट यंत्राशी बोलणारी लिहावी, असे त्याने ठरवले. त्यामुळे संपर्काची सोय होईल आणि नव्या प्रक्रियकाचे अंतरंगही समजेल, असा त्याचा दुहेरी हेतू होता.

येथे एक अडचण उभी राहिली. कळफलकावर दाबलेली अक्षरे मोडेमकडे धाडणे आणि मोडेमकडून आलेली अक्षरे पडद्यावर उमटवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत. प्रक्रियक मात्र एकच. मग हे कसे साधावे? खेड्यातील एकशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. गुरुजी चौथीच्या मुलांना गणित घालून देतात आणि दुसरीच्या मुलांचे वाचन घेतात. थोड्या वेळाने ते पुन्हा चौथीकडे वळतात. त्या वेळी चौथीचे काम कोठे थांबले होते, हे त्यांना नेमके आठवावे लागते. संगणकातही एक घड्याळ ठरावीक क्षणी इशारा देते. तो इशारा मिळताच पहिल्या कामाची स्थिती नोंदवून ठेवली जाते आणि प्रक्रियक दुसऱ्या कामाकडे वळतो. ही अदलाबदल इतक्या वेगाने होते की पाहणाऱ्याला दोन्ही कामे एकदमच चालली आहेत असे वाटते.

ही युक्ती साधली की नाही, हे पाहण्यासाठी लिनसने दोन लहान कामे रचली. पहिल्याने पडद्यावर केवळ 'ए' हे इंग्रजी अक्षर लिहीत राहावयाचे आणि दुसऱ्याने केवळ 'बी' लिहीत राहावयाचे. प्रयोग सुरू झाला. पडद्यावर 'ए'ची रांग उमटली, तिच्यामागून 'बी'ची आणि मग पुन्हा 'ए'ची. जवळून जाणाऱ्या माणसाला त्यात काही विशेष दिसले नसते. परंतु एक प्रक्रियक दोन कामे आळीपाळीने, न चुकता सांभाळू लागला होता. कार्यप्रणालीचे बीज त्या दोन अक्षरांत होते. पुढे 'ए' लिहिणाऱ्या कामाच्या जागी कळफलकाचे काम आले, 'बी'च्या जागी मोडेमचे आले आणि लिनसची आज्ञावली टेलिफोनच्या तारेतून विद्यापीठाशी बोलू लागली.

एक गरज भागली की दुसरी उभी राहते. विद्यापीठाच्या संगणकावरील फाइली आपल्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, असे लिनसला वाटू लागले. त्यासाठी डिस्क चालवणारा भाग लिहावा लागला. डिस्कवर फाइली नीट मांडून ठेवावयाच्या, तर त्यांच्या मांडणीची व्यवस्था लिहावी लागली. अशा रीतीने एकेक खोली वाढत जाऊन झोपडीचा वाडा व्हावा, तसे झाले. आपण आता केवळ संपर्काची आज्ञावली लिहीत नसून एक नवी कार्यप्रणालीच रचत आहोत, हे लिनसच्या लक्षात आले.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. मिनिक्स वापरणाऱ्या लोकांचा संगणकांच्या जाळ्यावरून चालणारा एक चर्चागट होता. त्यावर त्याने आपल्या कामाची वार्ता दिली. हे काम केवळ छंद म्हणून चालले असून ते फार मोठे होणार नाही, असे त्याने नम्रपणे लिहिले आणि मिनिक्समध्ये तुम्हांला काय आवडते, काय खटकते, असे सर्वांना विचारले. अपुरे काम चारचौघांपुढे मांडण्यास माणूस सहसा कचरतो. दोष दिसतील, लोक हसतील, अशी भीती वाटते. लिनसने ती भीती बाजूला सारली.

सप्टेंबर १९९१ मध्ये त्याने आपल्या प्रणालीची ०.०१ ही पहिली आवृत्ती तयार केली. तिच्या सुमारे १०,००० ओळी होत्या. लिनसला तिचे नाव 'फ्रिक्स' ठेवावयाचे होते. परंतु ज्यांच्या संगणकावर ती सर्वांसाठी ठेवली गेली, त्या आरी लेमके यांना ते नाव रुचले नाही. त्यांनी आपल्या मनाने त्या कप्प्यावर 'लिनक्स' हे नाव घातले आणि तेच पुढे रूढ झाले.

याच वर्षाच्या अखेरीस एक अपघात घडला. लिनसला मोडेमकडे आज्ञा पाठवायची होती. परंतु चुकून ती डिस्ककडे गेली आणि डिस्कवरील मिनिक्सचा भाग पुसटला. आता त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. मिनिक्स पुन्हा बसवावी आणि पूर्वीप्रमाणे तिच्या आधाराने चालावे, ही एक. आणि आपल्याच कच्च्या प्रणालीवर भिस्त ठेवून पुढे जावे, ही दुसरी. त्याचा धीर खचला नाही. त्याने दुसरी वाट धरली. त्या दिवसापासून लिनक्स स्वतःच्या पायांवर उभी राहिली. कारण तिच्यात जे उणे होते, ते आता तिच्या कर्त्यालाच रोज जाणवू लागले.

दरम्यान दूरदूरच्या देशांतील माणसे लिनक्स उतरवून घेऊन चालवून पाहू लागली. त्यांतील जर्मनीच्या एका माणसाच्या संगणकात केवळ २ मेगाबाइट स्मृती होती आणि तेवढ्या स्मृतीत त्याचे काम भागेना. स्वतः लिनसला ही अडचण नव्हती. तरीही त्याने तिच्याकडे कानाडोळा केला नाही. १९९१ च्या नाताळच्या सुटीत बसून त्याने नवी सोय रचली. स्मृती अपुरी पडली, की त्या वेळी न लागणारी माहिती डिस्कवर नेऊन ठेवायची आणि गरज पडताच परत आणायची, अशी ती सोय होती. एका अपरिचिताच्या गरजेतून लिनक्सला असा गुण लाभला, जो तिच्यापुढील नमुना असलेल्या मिनिक्समध्येही नव्हता.

आता एक मोठा प्रश्न उपस्थित झाला. ही प्रणाली विकावी, की मोकळी ठेवावी? लिनसच्या संगणकाचे हप्ते अजून फिटायचे होते. तिच्यावर किंमत ठेवली असती, तर त्यात गैर काहीच नव्हते. परंतु त्याने वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. आपापल्या गावचे एक चित्रकार्ड पाठवा, एवढेच त्याने सुचवले, आणि निरनिराळ्या देशांतून त्याच्या घरी कार्डे येऊ लागली. ज्यांनी आपल्याला शिकवले, त्यांचे ऋण तो जाणत होता. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी आज्ञावली सर्वांसाठी खुल्या असाव्यात, या हेतूने १९८३ साली 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. त्या प्रकल्पातील साधने लिनसने आपल्या कामात वापरली होती. १९९२ च्या आरंभी त्याने लिनक्ससाठी ग्नूचाच परवाना स्वीकारला. या परवान्याचे सार असे : ही आज्ञावली कोणीही वापरावी, अभ्यासावी, बदलावी, विकावीदेखील, परंतु ती दुसऱ्याला देताना तिची मूळ आज्ञावली उघडी ठेवावी आणि हेच स्वातंत्र्य त्यालाही द्यावे. पुढे वापरणाऱ्यांनी आपणहून वर्गणी गोळा केली आणि लिनसच्या संगणकाचे राहिलेले पैसे फेडण्यास हातभार लावला.

टीका मात्र चुकली नाही. जानेवारी १९९२ मध्ये खुद्द प्राध्यापक टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचना जुनाट आहे, असे जाहीरपणे लिहिले. ज्यांच्या ग्रंथातून आपण शिकलो, त्यांनीच दोष द्यावा, हे तरुण लिनसला झोंबले. त्याने तिखट उत्तर दिले. पण आपले शब्द मर्यादेबाहेर गेले, हे ध्यानी येताच त्याने क्षमाही मागितली. मतभेद राहिला, वाद सर्वांसमक्ष झाला आणि त्यातून वाचणाऱ्यांना दोन्ही बाजू कळल्या.

यानंतरचे सर्वांत बिकट काम होते संगणकांचे जाळे जोडण्याचे. इंटरनेटवर संगणक एकमेकांशी काही ठरलेल्या नियमांनी बोलतात. एखादे लांबलचक पत्र अनेक पोस्टकार्डांवर लिहून, प्रत्येकावर क्रमांक आणि पत्ता घालून धाडावे, तसे तेथे संदेशाचे तुकडे करून पाठवले जातात. काही तुकडे मागेपुढे पोहोचतात, काही वाटेत गहाळ होतात. घेणारा संगणक ते क्रमाने लावतो आणि आलेल्या तुकड्यांची पोच देतो. ज्याची पोच मिळत नाही, तो तुकडा पुन्हा पाठवला जातो. हे सारे बिनचूक साधणे ही सोपी गोष्ट नव्हती. हे काम एकट्या लिनसचे नव्हे. रॉस बिरो यांनी त्याचा आरंभ केला, फ्रेड व्हॅन केम्पेन यांनी ते पुढे नेले आणि वेल्समधील स्वानसी येथील ॲलन कॉक्स यांनी त्यातील दोष एकेक करून निस्तरले. या कामास सुमारे दोन वर्षे लागली. मूळ आज्ञावली उघडी होती, म्हणूनच परक्या गावी बसलेल्या या माणसांना तिच्यात हात घालता आला. मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या ओळी १,७६,००० हून अधिक झाल्या होत्या.

आज तिच्या ओळी ३ कोटींच्या पलीकडे गेल्या आहेत आणि त्या लिहिणारे हजारो लोक जगभर पसरले आहेत. ज्या मोबाइलांवर अँड्रॉइड चालते, त्यांच्या गाभ्याशी लिनक्स आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. नोव्हेंबर २०२० च्या यादीत पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतील 'परम सिद्धी-एआय' या महासंगणकाने ६३ वे स्थान मिळवले, तेही लिनक्सच्याच बळावर. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळ ग्रहावर 'इन्जेन्युइटी' या लहान हेलिकॉप्टरने पहिले उड्डाण केले. त्यातील संगणकातही लिनक्सच होती. फिनलंडने २०१२ साली आपला मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार देऊन लिनस टोरवाल्ड्स यांचा गौरव केला.

धन कुलपात ठेवले तर सुरक्षित राहते. ज्ञानाचे तसे नाही. ते कोंडून ठेवले, तर त्यातील चुकाही त्याच्याबरोबर कोंडल्या जातात. लिनसने आपले अपुरे काम लोकांपुढे उघडे ठेवले, म्हणून त्याचे दोष अनेकांना दिसले आणि ते सुधारण्यास अनेकांचे हात लागले. आजोबांनी त्याला कळफलकापाशी बसवले, टॅनेनबॉम यांच्या ग्रंथाने वाट दाखवली, स्टॉलमन यांच्या प्रकल्पाने हत्यारे पुरवली. घेतलेले हे सारे त्याने स्वतःजवळ अडवून ठेवले नाही. त्यात आपली भर घालून पुढच्याच्या हाती दिले. एका खोलीतील छंद जगाच्या उपयोगी पडला, तो यामुळेच.

अभ्यास

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) आजोबा लिनसकडून कोणते काम करून घेत?
(आ) 'सिंक्लेअर क्यूएल' संगणकाविषयी लिनसला कोणती खंत वाटे?
(इ) 'लिनक्स' हे नाव कोणी दिले?
(ई) लिनसने वापरणाऱ्यांकडे पैशांऐवजी काय मागितले?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) एक प्रक्रियक दोन कामे कशी सांभाळतो, ते एकशिक्षकी शाळेच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
(आ) डिस्कवरील मिनिक्स पुसटल्यानंतर लिनसने कोणता निर्णय घेतला? त्याचा काय परिणाम झाला?
(इ) लिनक्सच्या परवान्याचे सार आपल्या शब्दांत सांगा.

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
मनात घर करणे, धीर खचणे, कानाडोळा करणे, हातभार लावणे, स्वतःच्या पायांवर उभे राहणे.

४. विचार करा.
लिनसने ही प्रणाली विकावयाचे ठरवले असते, तर तिच्या वाढीत काय फरक पडला असता? वर्गात दोन गट करून या विषयावर चर्चा करा.